दात लावलेले बेडूक

वाढदिवसाच्या दुपारी धाकटी आतल्या खोलीत शिरली ती आज भांडायचं नाही असं ठरवूनच. वाटणीवरून घराचे दोन तट पडले त्यानंतर सगळे पहिल्यांदाच एका छपराखाली जमत होते. आत्या आणि थोरला एकमेकांशी सरळ बोलायला लागून जेमतेम आठवडा झाला होता. भिंगरी, म्हणजे धाकटीची लेक, आज सहा वर्षांची होत होती आणि तिच्या वर्गातली सगळी चिल्लीपिल्ली थोड्याच वेळात येऊन थडकणार होती. शिवाय धाकटी पेशाने दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगणाऱ्या या बाईने सासरी स्वतःचं तोंड कधी मिटायचं हे लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच शिकून घेतलं होतं.

पण पलंगावर पाहुण्या मुलांना द्यायच्या रंगीत पिशव्या ओळीने मांडल्या होत्या, आणि पहिल्याच पिशवीतून एक हिरवा बेडूक डोकं बाहेर काढून बसला होता. तिने तो उचलून त्याचं पोट दाबलं. लाल डोळे लुकलुकले. तिने तो उताणा केला. पोटावर एक झाकण होतं. त्याला स्क्रू नव्हता, नुसती खाच होती. तिने अंगठ्याचं नख लावलं तर झाकण हललं.

"दादा, यात सेल आहे," ती थोरल्या दिराला म्हणाली. तो खिडकीपाशी फुग्यांच्या माळा बांधत होता. "घड्याळात असतो तसला, बटणाएवढा."

"मग दिवे काय तुझ्या पुण्याईवर लागतील?"

"झाकणाला स्क्रू नाहीये."

"स्क्रूवाला बेडूक वेगळा येतो. तो मागवला असता तर पिशवीत नुसता बेडूकच द्यावा लागला असता. आता बघ, बेडूक आहे, शिट्टी आहे, भोवरा आहे, अंगठी आहे. पोरं कशी हरखतील."

"घरी पोचेपर्यंत निम्मं मोडेल, उरलेलं उद्या कचऱ्यात जाईल. ते एक वेळ जाऊ दे. पण सेल कुणी गिळला तर घसा आतून भाजतो, दादा. दोन तास पुरतात त्याला. शिकत असताना वॉर्डात पाहिलंय मी."

"खोक्यावर छापलंय की, तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नाही म्हणून."

"पिशवी खोक्यासकट देणार आहात का?"

थोरल्याने हातातला फुगा सोडून तिच्याकडे पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. पण पेढी तो चालवत होता, गोदामात बेडकांची खोकी छताला टेकली होती, दुकानदारांना त्याने शब्द देऊन ठेवला होता आणि सोमवारी माल निघायचा होता. भिंगरीचा वाढदिवस हे त्याच्या मते बेडकाचं उद्घाटन होतं. "अण्णांनी दात लावलाय," तो म्हणाला. "आज जेवणं झाल्यावर, याच पलंगावर बसून, माझ्यासमोर."

या घरात हे वाक्य उच्चारलं की वाद संपत असे.

अण्णा म्हणजे धाकटीचे सासरे. त्यांचे वडील पाठीवर पेटी घेऊन गल्लोगल्ली खेळणी विकायचे. नवं खेळणं विकायला काढण्याआधी त्यातला एक नग ते स्वतः दाताखाली धरत. चाक, डोळा, शेपूट, जे काही सुटून तोंडात आलं त्यासकट तो सगळा माल परत. पोर खेळण्याचं पहिलं काय करतं, तर ते तोंडात घालतं, मग विकणाऱ्याने ते आधी घालावं, इतकं साधं त्यांचं म्हणणं. पेटीचं दुकान झालं, दुकानाची घाऊक पेढी झाली, लाकूड गेलं आणि प्लास्टिक आलं, पण घरातल्या वडीलधाऱ्याने दात लावल्याशिवाय माल बाहेर पडायचा नाही ही रीत तशीच राहिली. पेढीच्या पाटीवर अजूनही रंगवलेलं आहे: घरच्या दाताखालून गेलेला माल. वडिलांमागे हे काम अण्णांकडे आलं आणि अण्णांनी ते अशा थाटात केलं की गिऱ्हाईकं नुसती ते बघायला थांबत.

"आणि अलीकडे अण्णांचा दात फार उदार झालाय," थोरला खुशीत म्हणाला. "पूर्वी किती माल परत जायचा. आता चार वर्षांत एक नग नापास नाही. मालच सुधारलाय हल्ली."

धाकटीने तोंडात मिठाची गुळणी धरली. चार वर्षांत एकही नग नापास का झाला नाही, हे तिच्या समजुतीप्रमाणे या घरात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातली एक ती होती.

चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी, दवाखाना बंद व्हायच्या बेताला, अण्णा मागच्या जिन्याने मफलर गुंडाळून वर आले होते. घरी त्यांनी हवापालटाला जातोय असं सांगितलं होतं. ते हवापालटाचे दोन महिने त्यांनी एका जुन्या मित्राच्या घरी पेज पिऊन काढले आणि तेवढ्या अवधीत सुनेने त्यांचे उरलेसुरले किडके दात काढून वरखाली कवळी बसवली. कवळी करताना अण्णांनी हट्ट धरला होता. वरचा डावा पुढचा दात थोडा तिरपा हवा. मूळचा तसाच होता आणि सरळ ओळ दिसली की आत्या ओळखणार. "डॉक्टर म्हणून गप्प राहशील की सून म्हणून?" त्यांनी जाताना विचारलं होतं. "दोन्ही म्हणून," ती म्हणाली होती, आणि तिने तो शब्द नवऱ्यापासूनही पाळला होता.

तेव्हा तिला वाटलं होतं, एका म्हाताऱ्या माणसाची एवढीशी लाज तर आहे. आज हातातला बेडूक बघताना तिला ते एवढंसं वाटेना. तोंड उघडावं तर सासऱ्यांना दिलेला शब्द मोडतो आणि पेढीची पाटी खोटी पडते. मिटावं तर तासाभराने हे बेडूक भिंगरीच्या सगळ्या वर्गाच्या हातात जातात.

तिचा नवरा, म्हणजे धाकटा, तेवढ्यात मेणबत्त्या शोधत आत आला. तो नकाशे काढायचा आणि घरातल्या भांडणात ज्याचा शब्द शेवटी कानावर पडेल त्याच्या बाजूचा असायचा.

"तू तरी सांग यांना," धाकटी म्हणाली.

"बरोबर आहे हिचं," धाकटा म्हणाला.

"अण्णांनी दात लावलाय," थोरला म्हणाला.

"मग बरोबर आहे," असं म्हणत धाकटा मेणबत्त्या घेऊन निघून गेला.

*

फाटकापाशी अण्णा खुर्ची टाकून बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातावर टाळी देत होते. शेजारी आत्या उभ्या होत्या. त्या अण्णांच्या पाठची बहीण. आयुष्यभर रेल्वेत तिकीट तपासनीस होत्या, आणि निवृत्त झाल्यावरही समोरचा माणूस काहीतरी दडवतोय अशाच नजरेने सगळ्यांकडे बघायच्या. आलेल्या पालकांकडूनही त्यांनी दोन-तीन गुपितं काढून घेतली होती.

"सरबत कुणी केलंय?" अण्णांनी पेला लांब धरून विचारलं. "लोखंडाची चव येतेय याला. गंजक्या भांड्यात केलं की काय?"

थोरल्याच्या बायकोचा, थोरलीचा, चेहरा पडला. सरबत तिने केलं होतं, काचेच्या भांड्यात, आणि अण्णांनी पाहुण्यांसमोर असं म्हणावं हे तिला चांगलंच झोंबलं. तिने पेला उचलून स्वतः चाखला. आत्यांनीही एक घोट घेतला.

"चांगलं आहे की," आत्या म्हणाल्या. "तुझ्याच तोंडात काहीतरी आहे."

"माझ्या तोंडाला काय धाड भरलीय? मघाशीच दात लावलाय मी, बेडकाला." अण्णांनी खिशातून एक कोरा बेडूक काढून आत्यांपुढे धरला. "तुला एवढा संशय असेल तर तूच लाव दात. एकाच बापाची आहेस ना तू?"

"मी माझे दात फुकट झिजवत नसते," असं म्हणून आत्या घाईघाईने एका नव्या पाहुण्याकडे वळल्या.

धाकटी पेले गोळा करत हे ऐकत होती. ऐकलं आणि विसरली, कारण त्याच वेळी थोरलीने तिचा दंड धरून तिला आतल्या खोलीत ओढलं आणि दार लोटून घेतलं.

"ते बेडूक तुलाही पसंत नाहीत ना?" थोरली कुजबुजली. एरवी ती नवऱ्याच्या शब्दाबाहेर नसे. पण लोखंडाच्या चवीने आज काम केलं होतं. "मला तर पहिल्यापासून नकोत. मागच्या वाढदिवसाला आमच्या ढब्बूच्या तोंडातून मी गाडीचं चाक काढलंय. यांना बोलले नाही. बोलले असते तर म्हणाले असते, अण्णांनी दात लावलाय."

"मग काय करायचं?"

"काढून टाकायचे. सगळे. पिशव्या बंद करायच्या आणि दरवाजात हसत उभं राहायचं. पोरं घरी गेल्यावर कोण विचारायला येतंय?"

धाकटीने जावेकडे नव्याने पाहिलं. इतकी वर्षं या बाईशी आपण फक्त भांडीकुंडी आणि पाहुणे एवढंच बोलत आलो याचं तिला वाईट वाटलं. मग तिने उशीचा अभ्रा काढला, थोरलीने तो धरला, आणि दोघी जावा चोरट्यांसारख्या पिशव्यांमधून बेडूक उपसू लागल्या. बाहेर पोरांचा गोंगाट वाढला होता. दाराबाहेर कुणाची चाहूल लागली की दोघी थबकायच्या आणि नुसत्याच पिशव्या नीट लावत असल्याचा आव आणायच्या. मध्ये एका बेडकाचं पोट दाबलं गेलं आणि अभ्र्याच्या आतून लाल डोळे लुकलुकायला लागले, तेव्हा थोरलीला हसू आवरेना. तिने तोंडावर पदर दाबून धरला.

पलंगाच्या कडेला एक बेडूक सुटा पडला होता. थोरलीने तो उचलला आणि तिचं हसू गेलं.

त्याचं झाकण उघडं होतं. आत सेल नव्हता.

"ढब्बू," थोरली म्हणाली. "ढब्बू इथेच झोपला होता दुपारी."

*

पुढचा काही वेळ घरात नुसता हलकल्लोळ होता. दोन वर्षांचा ढब्बू मधोमध उभा राहून सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होता. एवढी माणसं एकदम आपल्या तोंडात का डोकावतायत हे त्याला कळत नव्हतं, पण मजा वाटत होती. थोरला गुडघ्यांवर बसून गालिचा उचकटत होता. धाकटा पलंगाखाली आडवा झाला होता.

"तुझ्या तोंडात काही घातलंस का रे, सोन्या?"

"हो," ढब्बू म्हणाला. हल्ली तो सगळ्यालाच हो म्हणायचा.

"काय घातलंस? गोल होतं?"

"हो."

"फुगा घातलास?"

"हो."

"आता किल्ल्या काढा," थोरली नवऱ्याला म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की थोरला चपापून उभा राहिला. "हॉस्पिटलात न्यायचं. फोटो काढायचा छातीचा."

"अगं, पण आधी नीट शोधू. कुठे घरंगळला असेल. आणि अण्णांनी दात..."

"एक अक्षर पुढे बोलू नका." थोरलीने ढब्बूला कडेवर घेतलं. "स्वतःच्या पोरावर वेळ आली तर गालिचे उचकटताय तुम्ही. आणि सोमवारी ज्या घरांत ती खोकी जाणार, त्यांची पोरं पोरं नाहीत?"

थोरला खिसे चाचपत किल्ल्या शोधायला लागला आणि किल्ल्या त्याच्या हातातच होत्या.

धाकटी मात्र हलली नव्हती. तो उघडा बेडूक तिच्या तळहातावर होता आणि ती त्याच्याकडे खिडकीच्या उजेडात बघत होती. बेडकाच्या पाठीवर दातांचे वण होते. दोन वर्षांच्या मुलाचे नव्हेत, मोठ्या माणसाचे. सगळे एकाच खोलीचे, एका ओळीत. आणि त्या ओळीत पुढचा डावा दात थोडा तिरपा.

स्वतःचं काम तिने लगेच ओळखलं. तो तिरपा दात बसवायला तिला अख्खी दुपार लागली होती.

मग तिला सरबत आठवलं. लोखंडाची चव आठवली. जेवणं झाल्यावर, म्हणजे आतापर्यंत किती वेळ झाला, ते ती मोजायला लागली. वरची कवळी सगळा टाळू झाकून टाकते. खाली, गालात काय अडकलंय ते माणसाला कळत नाही. हे ती प्रत्येक म्हाताऱ्या पेशंटला सांगत असे, आणि ज्यांना सर्वात आधी सांगायला हवं होतं त्यांना दात लावायचं काम तसंच करू देत आली होती.

"ताई, थांबा," ती थोरलीला म्हणाली. "ढब्बूने गिळलेला नाही. गाडी काढू नका. दोन मिनिटं द्या मला."

"तुला काय माहीत?"

"माहीत आहे. माझ्या लेकीची शपथ."

थोरलीने तिच्याकडे रोखून पाहिलं. मघाच्या अभ्र्याने दोघींमध्ये काहीतरी जोडलं होतं, म्हणूनच ती थांबली. पण ढब्बूला तिने खाली ठेवलं नाही आणि किल्ल्या नवऱ्याच्या हातातून आपल्या मुठीत घेतल्या.

*

अण्णा फाटकापाशी मुलांना शिट्टी कशी वाजवायची ते शिकवत होते.

"अण्णा, आत चला."

"केक कापताय का?"

"बाथरूममध्ये चला."

"मी मघाशीच जाऊन आलोय," अण्णा पालकांसमोर ओशाळून म्हणाले. पण सुनेने त्यांच्या हातातली शिट्टी काढून घेतली होती आणि दंडाला धरून उभं केलं होतं. आत्या लगेच मागून निघाल्या. बाथरूमचं दार त्यांच्या तोंडावर बंद झालं, तेव्हा त्यांनी दाराला कान लावला. त्यात त्यांना कधी लाज वाटली नव्हती.

आत धाकटीने नळ मोठा सोडला, म्हणजे बाहेर काही ऐकू जाऊ नये. "आ करा."

"काय झालंय ते सांगशील का?"

"आ करा, अण्णा."

पेढीचे मालक, घरातले वडीलधारे, पाटीवरच्या दाताचे धनी, यांनी कमोडच्या झाकणावर बसून आ केला. धाकटीने वरची कवळी हलकेच उतरवली. डाव्या गालाच्या खोबणीत, हिरडीला चिकटून, काळपट पडलेला सेल बसला होता. तिने थोरलीचा भुवया कोरायचा चिमटा आरशापाशी पाहिला होता, त्याने तो काढला. खालचं कातडं पांढुरकं पडलं होतं. तिने त्यांना बराच वेळ चुळा भरायला लावल्या. मग सेल त्यांच्या तळहातावर ठेवला.

अण्णांनी तो बोटाने उलटसुलट करून पाहिला. कवळीशिवाय त्यांचा चेहरा एकदम लहान दिसत होता.

"चावलंत तेव्हा आवाज नाही आला?" तिने विचारलं.

"आला की. कट्ट झालं. मला वाटलं, वा, मजबूत आहे."

धाकटीला हसूही आलं आणि रडूही. "हा गालात राहिला म्हणून बरं. घशात गेला असता तर? आणि हेच भिंगरीच्या एखाद्या मैत्रिणीच्या तोंडात झालं असतं तर तिला सांगताही आलं नसतं काय झालंय ते."

अण्णांनी मूठ मिटली. "वडिलांना सगळं जिभेला कळायचं," ते म्हणाले. वरचे दात नसल्यामुळे शब्द हवेसारखे निसटत होते. "मला चार वर्षांत काही कळलेलं नाही गं. दात लावायचो, मान डोलवायचो. थोरला खूश, दुकानदार खूश. एकही नग नापास केला नाही मी. कशाच्या जोरावर करणार होतो?"

"मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. मी बोलले नाही."

"मी तुला बोलू कुठे दिलं." त्यांनी कवळीकडे हात केला. "दे इकडे. बाहेर काय सांगायचंय?"

"ते तुम्ही ठरवा. दातांचं मी कुणाला सांगणार नाही. पण बेडूक तुमच्याच तोंडून नापास व्हायला हवा. नाहीतर तो मी करेन, आणि मग मला कारण सांगावं लागेल." तिने कवळी धुऊन दिली. "आणि गाल भाजलाय. ही आठवडाभर घालायची नाही. पाहुणे जाईपर्यंत सूट देते, ती तुमच्या वयाकडे बघून."

"आठवडाभर?" अण्णा हबकले. "मग सगळ्यांना कळेल."

"हो," धाकटी म्हणाली आणि तिने नळ बंद केला.

*

दार उघडलं तशा आत्या तोल जाऊन आत आल्या आणि आपण मुळात आतच येत होतो असा चेहरा करून सावरल्या. त्यांच्यामागे सगळं घर उभं होतं. थोरलीच्या कडेवर ढब्बू होता आणि मुठीत किल्ल्या.

अण्णांनी मूठ उघडून सेल दाखवला. थोरलीने डोळे मिटून घेतले आणि ढब्बूचं डोकं इतकं घट्ट छातीशी धरलं की तो किंचाळला.

"कुठे मिळाला?" थोरल्याने विचारलं.

धाकटीने श्वास रोखला.

"माझ्याकडे होता," अण्णा म्हणाले. "दुपारी दात लावला तेव्हाच सुटला. मुद्दाम गालात धरून बसलो होतो. म्हटलं बघू, या घरात कुणाच्या लक्षात येतं का."

"दुपारपासून?" आत्यांनी विचारलं. "आणि गालात सेल ठेवून सरबताला नावं ठेवत होतास?"

"ती परीक्षाच होती. या एकीच्याच लक्षात आलं." अण्णांनी सुनेकडे बोट दाखवलं. खोटं बोलताना त्यांना असा काही रंग चढत असे की धाकटीला क्षणभर ते खरंच वाटलं. "बेडूक नापास."

"अण्णा," थोरला कळवळून म्हणाला, "सोमवारी माल निघायचाय. मी शब्द दिलाय लोकांना. दुपारी तुम्हीच मान डोलवलीत."

"तुमचा शब्द हा बघा," असं म्हणून थोरलीने ढब्बूला उचलून नवऱ्याच्या हातात दिलं. ढब्बूने वडिलांचा चष्मा ओढून तोंडात घातला. थोरल्याने तो काढून घेतला, पुसला, पुन्हा लावला. मग त्याने पोराच्या केसांतून हात फिरवला. शेवटी त्याने एका हाताने फोन काढला आणि गोदामाच्या माणसाला सांगितलं की बेडकांना हात लावू नका.

"नुसते बेडूक नाहीत," अण्णा म्हणाले. "चार वर्षांत आलेला जो माल पडून असेल, त्यातला एकेक नग उद्यापासून पुन्हा तपासायचा. स्क्रू नाही तो परत. आणि दात लावायचा नाही. ही बघेल, तिच्या पद्धतीने."

"बरोबर आहे," धाकटा म्हणाला, कारण हे सगळ्यात शेवटी कानावर पडलं होतं.

"दात का नाही लावायचा?" आत्यांनी डोळे बारीक केले. "वडिलांची रीत आहे ती. तूच मोडतोयस? काय दडवतोयस तू?"

अण्णा केक कुठाय असं विचारत हॉलमध्ये निघून गेले.

*

केक कापला, मेणबत्त्या विझल्या, दोन फुगे आणि एक पेला फुटला. पाहुण्यांनी चपला शोधायला सुरुवात केली, आणि मग भिंगरीनेच ती गोष्ट काढली जिची धाकटीला धास्ती होती. तिने एक पिशवी उघडून आत डोकं घातलं.

"आई, यात बेडूक नाहीये. मी सगळ्यांना सांगितलंय बेडूक आहे म्हणून."

मुलं दरवाजापाशी जमली. शिट्ट्या आणि भोवरे कुणालाच नको होते. तोंडी जाहिरात झाली होती ती बेडकाची. कुणीतरी ओठ काढला, मागून दुसऱ्याने काढला, आणि भिंगरीची हनुवटी थरथरायला लागली. थोरला हताशपणे कोपऱ्यातल्या बेडकांच्या अभ्र्याकडे बघत होता. थोरली अभ्र्यावर बसली.

अण्णा खुर्चीतून उठले. त्यांनी हॉल आणि आतल्या खोलीच्या मधला पडदा ओढला आणि पडद्यासमोर उभं राहून टाळी वाजवली.

"बेडूक रद्द," ते म्हणाले. "त्याऐवजी प्रत्येकाला एक गोष्ट दाखवणार आहे. जगात कुठल्याच पिशवीत मिळत नाही ती. एकेकाने आत यायचं. मोठ्यांनी यायचं नाही. आणि पाहिलेलं बाहेर कुणाला सांगायचं नाही, शपथ आहे."

ते पडद्याआड गेले. भिंगरी पहिली आत गेली. मग अशी किंकाळी आली की धाकटा दचकून पुढे धावला, पण तोवर भिंगरी दोन्ही हातांनी तोंड दाबून बाहेर आली होती आणि हसून हसून वाकली होती.

"काय आहे?" धाकट्याने विचारलं.

"शपथ आहे," भिंगरी म्हणाली आणि रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभी राहिली.

एकेक मूल आत जात होतं आणि डोळे विस्फारून, खिदळत, एकमेकांच्या अंगावर पडत बाहेर येत होतं. एकाने आई-वडिलांचे हात झिडकारले आणि आपल्याला अजून दोन दिवस इथेच राहायचंय असं जाहीर केलं. पडद्याआडून अण्णांचा आवाज येत होता. दर मुलागणिक तो थोडा निसटता, हवेशीर होत होता. धाकटी भिंतीला टेकून ऐकत होती. शपथ घातली काय आणि न घातली काय, ही सगळी मुलं घरी जाऊन पायरीवरच सांगणार होती. उद्या पेढीपर्यंत जाईल. अण्णांना हे कळत नव्हतं असं नव्हे. चार वर्षं जिवापाड जपलेली गोष्ट ते एकेका पोराला वाटून टाकत होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते कुणाला दिसू दिलं नाही.

थोरला तिच्याजवळ आला. "काय दाखवतायत गं ते?"

"लहानांसाठीच आहे, दादा."

रांग संपत आली. भिंगरी पुन्हा पुढे सरकली, आणि तिच्यामागे, ताठ मानेने, पर्स बगलेत धरून, आत्या येऊन उभ्या राहिल्या.

"आत्याआजी, मोठ्यांना नाही जायचं," भिंगरी म्हणाली.

"रांगेत बोलायचं नसतं," आत्या म्हणाल्या.

भिंगरी आत गेली, किंचाळली, बाहेर आली. आत्यांनी पडदा बोटभर बाजूला केला.

"तिकीट?" आतून अण्णांचा आवाज आला.

आत्या थबकल्या. एवढ्या वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी मागे वळून पाहिलं. थोरला फोनवर होता, थोरली अभ्र्यावर, धाकटा चपला लावत होता. धाकटीकडे त्यांची नजर गेली नाही. मग त्यांनी तोंडाशी हात नेला, हाताला एक सराईत हिसका दिला आणि काहीतरी गुलाबी तळहातावर घेऊन पडद्याच्या आत धरलं.

धाकटीने मान लांब करून पाहिलं. खालची कवळी होती, पूर्ण. बसवून बरीच वर्षं झालेली. आणि काम भलत्याच कुणा दातांच्या डॉक्टरचं होतं.

आत्या पडद्याआड शिरल्या. मग दोन म्हाताऱ्यांचं, दात नसलेलं, न थांबणारं हसू ऐकू आलं.